वाणातली पुडी

वाण नाकारायचं नसतं, हे ज्याला पक्कं माहीत होतं त्यानेच ती युक्ती काढली असणार. दुकानातली पुडी गिऱ्हाईक उलटीसुलटी करून परत ठेवू शकतं. दारावर आलेल्या विक्रेत्याला 'पुढे जा' म्हणता येतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कपाळाला कुंकू लावून, मनगटावर अत्तर फिरवून कोणी ओंजळीत काही ठेवलं, तर ते घरी न्यावंच लागतं. मग तो कंगवा असो, चहाचं गाळणं असो, नाहीतर जंत पाडायची पुडी असो.

माझी काकू हुबळीत उणकलच्या नव्या वसाहतीत राहायची. तिच्या ओंजळीत ती पुडी अशी पडली. हिरवा कागद, त्यावर एका पानाचं चित्र आणि पानाखाली 'संपूर्ण नैसर्गिक'. धोत्राही संपूर्ण नैसर्गिक असतो, पण तो कोणी वाणात देत नाही.

पुडी देणारी काकूची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिचे यजमान तारिहाळच्या एका कारखान्यात साहेब होते आणि सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. अक्कांना पुडी त्यांच्या 'वरच्या' बाईने दिली होती. अक्कांनी 'खालच्या' बायका जोडायच्या, त्या बायकांनी आणखी खालच्या. आतड्यातल्या जंतांबद्दल मला तेव्हा फार माहिती नव्हती, पण एकाच्या अंगावर दुसऱ्याने जगायचं, हा जंतांचा नियम त्या साखळीने बरोबर उचलला होता. अक्का दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. दुष्टपणाला थोडा तरी विचार करावा लागतो.

माझं सांगायचं तर मी पत्रकांवर वाढले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, धारवाडला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे. हुबळीच्या कमरीपेठेत एक छोटा छापखाना होता. तिथून ओल्या शाईचे गठ्ठे यायचे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. जेवणं झाली की आम्ही सगळे जमिनीवर मांडी घालून घड्या घालायचो. मला वाचता यायला लागलं ते 'अंगाऱ्याने ताप उतरत नाही' या ओळीवर. रविवारी अण्णा बस स्टँडवर पत्रकं वाटायचे. लोक हात पुढे करून घ्यायचे आणि दहा पावलांवर टाकायचे. अण्णा मागे वळून ती उचलायचे, धूळ झटकायचे आणि पुढच्या माणसाला द्यायचे. लहानपणी मला हे शौर्य वाटायचं. अजूनही वाटतं, फक्त आता त्या टाकणाऱ्यांचंही थोडं ऐकावंसं वाटतं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातलं सगळं खोटं उघडं पाडायची जबाबदारी माझ्यावर आहे, याबद्दल मला शंका नव्हती. सुट्टी लागली की मी काकूकडे जायची. आई नोकरी करायची, म्हणून माझी पहिली पाच वर्षं काकूच्या कडेवर गेली होती. त्या वर्षी पाहिलं तर काकू कागदासारखी पांढरी. कणीक मळताना मध्येच थांबायची, गच्चीचा जिना दोन ठिकाणी बसून चढायची. नखं चपटी आणि फिकी झाली होती.

"काकू, तुला काय होतंय?"

"काही नाही गं. चाळिशी झाली की."

"चाळिशीत माणूस पांढरं होतं का?"

"पोटात जंत आहेत म्हणतात अक्का. पुडी घेतीय मी. पडतायत बघ."

पडतायत म्हणजे काय, ते मला गुरुवारी कळलं. दर गुरुवारी दुपारी अक्कांच्या हॉलमध्ये 'आरोग्य बैठक' असायची. पंधरावीस बायका, शेंगाची चटणी घातलेले चुरमुरे, चहा, आणि मधल्या टीपॉयवर लोणच्याची एक काचेची बरणी. लोणचं नव्हतं. पाण्यात पांढुरके, पिवळट, दोऱ्यांसारखे लांब तुकडे तरंगत होते.

"नोड्री, हे बघा," अक्का बरणी उजेडाकडे धरून म्हणाल्या. "हे माझे. हे वरच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंचे. आणि हे लांब आहेत ना, हे आपल्या काकूंचे. सगळ्यांत लांब!"

बायकांनी काकूकडे पाहिलं. काकू लाजली. सांगायला मला वाईट वाटतं, पण ती खूशही झाली. आयुष्यात कधी कशात तिचा पहिला नंबर आला नव्हता.

"दुखत नाही ना हो?" एकीने विचारलं.

"छे, कळतसुद्धा नाही."

"आमच्या ह्यांना द्यावी म्हणते," कोपऱ्यातली एक जाडजूड बाई म्हणाली. "पण ते म्हणतात, तुझ्या हातचं खाऊन माझ्या पोटातले जंत कधीच मेले असतील."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. हसणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा.

"अक्का, यांना डोकं कुठे आहे?"

"कुणाला?"

"जंतांना. डोकं, तोंड, काहीतरी हवं ना?"

"चूर्णाने विरघळतं ते. काय गं तंगी, कॉलेजात जातीस आणि एवढं कळेना?" तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण; गल्लीतल्या सगळ्या मुली अक्कांच्या तंगी होत्या.

"पुडी घ्यायची थांबवली तर काय होतं?"

"परत होतात."

"आणि घेत राहिलं तर?"

"पडत राहतात."

एवढं निर्दोष व्यापारी उत्तर मी त्यानंतरही कधी ऐकलेलं नाही. आणि वीस बायका, त्यांतल्या निम्म्या शिकलेल्या, दोघी तर शिक्षिका, माना डोलवत होत्या. ज्या बाया भाजीवाल्याकडून घेतलेली प्रत्येक गवारीची शेंग मोडून बघायच्या, त्यांनी ती पुडी कधी ताटलीत ओतूनही पाहिली नव्हती.

मी ओतली. काकूच्या स्वयंपाकघरात, काकू देवपूजेला बसलेली असताना. इसबगोलासारखा भुसा, कसला तरी डिंक, भुरकट माती आणि सोनामुखीचा वास. म्हणजे जुलाबाची सोय झाली. वाटीत कोमट पाणी घालून ठेवलं, तर दुपारपर्यंत त्याचा चिकट, लवचिक गोळा झाला होता. काकूचा जुना पितळी सोऱ्या माळ्यावर पडून होता. त्यात तो गोळा भरला आणि दाबला. बाहेर पडले ते अक्कांचे जंत. तीच लांबी, तोच रंग, तेच ते मध्येमध्ये काळपट ठिपके. आतडं तरी दुसरं काय करतं? मी ते पाण्यात सोडले, तसलीच एक बरणी शोधली आणि गुरुवारची वाट पाहत बसले. इतक्या आनंदात मी परीक्षेच्या निकालाचीही वाट पाहिली नव्हती.

गुरुवारी मी माझी बरणी टीपॉयवर अक्कांच्या बरणीशेजारी ठेवली. काकू माझ्या बाजूलाच बसली होती. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का पुराव्याइतकाच महत्त्वाचा असतो, असं मी कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. बहुधा आमच्याच.

"अक्का, दोन्ही बरण्यांची अदलाबदल करते मी. काकूंचे कुठले, ते ओळखा."

अक्का पुढे वाकल्या, चष्मा सावरला आणि न अडखळता माझ्या बरणीवर बोट ठेवलं. "हे. हे लांब बघ की. काकूंचेच हे."

"हे मी परवा सोऱ्यातून काढले. तुमची पुडी भिजवून."

हॉलमध्ये क्षणभर कुणी चुरमुरेसुद्धा चावले नाहीत. आता अक्कांची फजिती होणार, म्हणून मी श्वास रोखून थांबले. पण हसू फुटलं ते भलत्याच दिशेने.

"म्हणजे काकू," ती कोपऱ्यातली जाड बाई म्हणाली, "तुम्ही शेव पाडलीत म्हणा की!"

सगळा हॉल हसला. अक्कासुद्धा हसल्या, त्यांची सुटका झाली होती. काकू उठली, पदर आवरला आणि शेजारच्या आपल्या घरी निघून गेली. मी मागोमाग गेले.

"काकू, बघितलंस ना? कसं तोंड झालं त्यांचं!"

काकूने चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "त्या बरणीत माझं होतं ना गं."

मला ते वाक्य तेव्हा ऐकूच आलं नाही. मी मनात पत्रक लिहीत होते. मथळा पायरी उतरतानाच सुचला होता: 'जंत पोटात नाहीत, पुडीत आहेत!' धारवाडला जाऊन अण्णांना वाचून दाखवला, तर त्यांनी मांडीवर थाप मारली. आयुष्यभर मुलांना 'पुरावा काय?' विचारणाऱ्या माणसाने मला हा एकच प्रश्न विचारला नाही. मथळ्याचा दुसरा अर्धा मी सोऱ्यातून काढून तपासला होता. पहिला अर्धा कोणीच तपासला नव्हता. पण मथळा चांगला होता, आणि चांगल्या मथळ्याला आमच्या घरात पुरावा मागत नसत.

कमरीपेठेतल्या छापखान्याच्या मालकांनी मजकूर बघितला आणि म्हणाले, "छापू की. हिरव्या पुडीच्या जाहिरातीची पत्रकं परवाच इथून नेली कुणीतरी. कागद तोच वापरू ना?"

अख्ख्या उणकलात मी पत्रक वाटलं. अक्कांची बैठक विरळ झाली, मग बंद पडली. थोड्याच दिवसांत त्या गुडघ्यांना लावायचं तेल विकायला लागल्या. अशा माणसांना लाज नसते, फक्त नवा माल असतो.

काकूने पुडी सोडली. बरी मात्र झाली नाही.

"अजून दम लागतो गं," ती एकदा म्हणाली.

"मनातलं आहे ते," मी म्हणाले. "तुझ्या पोटात काहीही नाही. सिद्ध केलंय मी."

सिद्ध केलंय! हा शब्द आज माझ्या कानांत अक्कांच्या 'पडत राहतात'सारखाच वाजतो.

पावसाळा सरत आला. गणपतीच्या सकाळी काकू मागच्या मोकळ्या जागेत दुर्वा खुडत होती, तिथेच चक्कर येऊन पडली. काकांचा फोन आला तशी मी पहिली बस धरून हुबळीला गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या आणि त्यांना बोलायला वेळ नव्हता. त्यांनी काकूची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"एवढं रक्त जातंय कुठं बाई तुमचं? पाळीत फार जातं?"

"नाही हो."

"शेतात काम करता?"

"नाही, घरीच असते."

"अनवाणी फिरता?"

काकू जरा दुखावली. "फिरत नाही. फुलांपुरती जाते. अंघोळ करून, पहाटे. देवाची फुलं चपला घालून कशी तोडायची?"

"घरामागं काय आहे?"

हे मी सांगितलं. मागे मोकळे प्लॉट होते आणि तिथे बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. वसाहतीतली सगळी नवी घरं त्याच माणसांनी बांधली होती.

"त्यांना संडास आहे?"

प्रत्येक घरात दोन-दोन संडास बांधणाऱ्या माणसांसाठी एकही नव्हता, आणि ती कुठे जात असतील हा प्रश्न त्या सभ्य वसाहतीत कोणी कोणाला विचारला नव्हता. मीही नाही, आणि मी तर प्रश्न विचारण्यातच वाढलेली.

"शौचाचा नमुना आणा उद्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डबी हातात घ्यायला तयार होईना.

"मी नाही देणार. एकदा बरणीत घालून झालं की माझं. गल्ली हसली."

"काकू, हे वेगळं आहे. तपासायचं आहे."

"तेव्हा पण तू तपासतच होतीस."

काका बाहेरच्या खोलीत पेपर उलटत बसले होते, पान वाचत नव्हते. काकूचा हात मी हातात घेतला तर बोटं थंडगार होती. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली की ही मरेल, आणि लोकांनी हसू नये म्हणून मरेल, आणि ते हसू मी आणलेलं असेल.

"चारचौघींत दाखवणार नाहीस?"

"नाही."

"तू बघणार नाहीस?"

"बघणार नाही. सूक्ष्मदर्शकातून एकच माणूस बघेल, आणि तो तुला ओळखतही नाही."

बऱ्याच वेळाने ती उठली. डबी दाराआडून माझ्या हातात आली. ती गुंडाळायला घाईत मी कपाटावरचा कागद ओढला. उरलेली पत्रकं काकूने घडी करून जपून ठेवली होती, कारण ती मी लिहिली होती.

प्रयोगशाळेच्या खिडकीत बसलेल्या माणसाने डबीवरचा कागद सोडला, सरळ केला आणि मोठ्याने वाचला. "जंत पोटात नाहीत..." मग माझ्याकडे पाहिलं. "कुणी लिहिलंय हे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

काकूच्या पोटात जंत होते. अंकुशकृमी. त्यांची अंडी घाणीतून मातीत येतात, ओल्या मातीत अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग आतड्याला चिकटून ते रक्त पीत राहतात. नखाच्या रुंदीएवढे असतात जेमतेम. "बरणीत दिसायचे नाहीत ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी जंताची एक गोळी दिली, ती तिथेच पाण्याबरोबर घ्यायला लावली, आणि रक्त भरून यायला काही महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "एवढी हालत होईपर्यंत काय करत होता तुम्ही?"

चार महिने पुडी खात होतो आणि चार महिने माझं पत्रक वाचत होतो, हे खरं उत्तर होतं. काकूने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घरातच बघत होतो," ती म्हणाली.

काकू घरी आल्यावर अक्का भेटायला आल्या. खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या.

"जंतच निघाले ना शेवटी?"

"हो," मी म्हणाले.

"मग? मी काय सांगत होते?"

"पण तुमच्या बरणीत होते ते जंत नव्हते."

"बरणीत नसतील. पोटात होते की नाही?"

"होते."

"हं," अक्का म्हणाल्या आणि काकूच्या उशाशी गुडघ्याच्या तेलाची बाटली ठेवून विजयी मुद्रेने निघून गेल्या. त्यांच्या पुडीने एक जंतही मारला नव्हता. मूर्ख माणूस चुकून बरोबर निघाला की त्याच्याइतकं असह्य काही नसतं. असं मी तेव्हा म्हणाले असते, पण शहाणं माणूस ठरवून चूक निघालं तर त्याला काय म्हणायचं, ते मला सुचत नव्हतं.

चपलेचा प्रश्न राहिलाच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मातीत अनवाणी पाय टाकायचा नाही. मी काकूला समजावलं. अण्णा मुद्दाम उणकलला येऊन समजावून गेले. देव पाय बघतो की भाव, वगैरे त्यांच्या ठेवणीतलं सगळं झालं. काकूने दोघांचं ऐकून घेतलं आणि पंधरा दिवस फुलंच तोडली नाहीत. मग एक दिवस तिने काकांकडून रबरी चपला मागवल्या, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या. चिंच लावून देवाची भांडी घासावीत तशा त्या घासल्या आणि तुळशीच्या कट्ट्याखाली ठेवल्या.

"ह्या रस्त्यावर गेल्या नाहीत, संडासात गेल्या नाहीत," तिने मला सांगितलं. "ह्या फुलांच्या."

आमच्या घरातल्या तीस वर्षांच्या पत्रकांना जमलं नसतं ते तिने एका वाक्यात मिटवलं होतं. तिच्या नखांवर हळूहळू रंग यायला लागला. संक्रांतीपर्यंत ती गच्चीवर एका दमात चढत होती.

त्या संक्रांतीला हळदीकुंकू काकूकडे होतं. मी नवं पत्रक घेऊन गेले होते. या खेपेला मथळा अगदी साधा होता, 'अंगणात चप्पल घाला', आणि खाली मजुरांना संडास न देणाऱ्या बांधकामवाल्यांबद्दल चार ओळी. आतल्या खोलीत पाहिलं तर रबरी चपलांचे जोड रचून ठेवलेले, प्रत्येक जोड लाल दोऱ्याने बांधलेला.

"काकू! वाणात चपला?"

"रबराच्या आहेत. चामडं नाही त्यात."

"मग प्रत्येक जोडात हे एकेक पत्रक घालूया."

"कागद नको," काकू म्हणाली. रागाने नाही, भाजीत मीठ नको म्हणावं तसं.

बायका आल्या. पहिल्या रांगेत अर्थात अक्का. आणि दाराशी, आत यावं की नाही अशा बेताने, मागच्या पत्र्याच्या खोल्यांमधल्या चौघीजणी. काकूने सकाळी स्वतः कुंपणाशी जाऊन त्यांना बोलावलं होतं. गल्लीतल्या बायकांनी आपापले पदर आवरून घेतले. कर्नाटकी रिवाजाप्रमाणे पांढरे कुसरेळ्ळू, म्हणजे साखरेत घोळलेले तीळ, हातावर पडले, हळदकुंकू झालं, आणि काकूने पहिला जोड अक्कांच्या ओंजळीत ठेवला.

"अय्यय्यो, हे काय हो?" अक्का हात मागे घेत म्हणाल्या. "चप्पल? कुंकू लावून?"

"वाण आहे अक्का," काकू म्हणाली. "नाही म्हणायचं नसतं की."

अक्कांनी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यातली जाड बाई तोंडावर पदर धरून थरथरत होती. शेवटी अक्कांनी तो जोड पदराखाली घेतला.

मी गठ्ठा तसाच पिशवीत घालून धारवाडला परत आले. अण्णा दारातच उभे होते.

"वाटलीस?"

"नाही. काकूने चपला वाटल्या."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. ते आयुष्यभर बस स्टँडवर मागे वळून बघत आलेले गृहस्थ.

"कुणी टाकल्या?"

"मी फाटकाशी उभी राहून बघत होते," मी म्हणाले. "एकीनेही नाही."